आबांचा हातगुण

"डोकं हलवू नगंस," जयसिंग म्हणाला आणि त्यानं मागून दोन्ही तळव्यांनी माझं डोकं धरलं.

समोर पाटावर माझे सासरे बसले होते. गाव त्यांना आबा म्हणायचं, मी मामंजी म्हणायचे. त्यांच्या हातात पारिजातकाचं पान होतं. फुलं एवढी नाजूक आणि पान मात्र काचपेपरासारखं खरखरीत, हे ज्यांनी ते डोक्यावर घासून घेतलंय त्यांनाच नीट ठाऊक असतं. माझ्या डाव्या कानाच्या वर रुपयाएवढ्या जागेतले केस गेले होते. त्या गुळगुळीत जागेवर आबा ते पान घासत होते, कातडी लाल होईपर्यंत. मग त्यांनी सहाणेवरचा लेप बोटानं उचलला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि तिथं थापला.

क्षणभर काही झालं नाही. मग निखारा ठेवल्यासारखं भाजायला लागलं.

"मामंजी, भाजतंय," मी म्हणाले.

"भाजणारच की," सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "आत किडा मरतोय."

जयसिंग माझ्या कानाशी वाकला. "भाजत न्हाई गं. मनाचा खेळ हाय. मी धरलंय न्हवं? जरा दम काढ."

तो माझा नवरा. साखर कारखान्यात टाइमकीपर होता, त्यामुळं त्याचे तळवे मऊ होते. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे. आता घेते, काही अडत नाही. त्या घरात माझ्याशी हळू आवाजात बोलणारा तो एकटाच माणूस होता. म्हणून मी दम काढला. भाजतंय ते खरं नाही, असं स्वतःला सांगत डोळे घट्ट मिटून बसले. सासरी लोक सुनेच्या डोक्यावर मिरे वाटतात म्हणे. माझ्या सासऱ्यांनी गुंज वाटली, एवढाच काय तो फरक.

आमच्याकडं या प्रकाराला चाई म्हणतात. चांगले दाट केस असतात, आणि एक दिवस मधेच गोल चकती दिसते. खाज नाही, दुखणं नाही, कोंडा नाही. कातडी अगदी तळहातासारखी स्वच्छ. माझी चाई सासूबाईंनीच शोधली. संक्रांतीला हळदीकुंकवाला जायचं म्हणून त्या मोठ्या प्रेमानं माझी वेणी घालायला बसल्या होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चकती दिसली आणि विंचू दिसल्यासारखा त्यांनी हात मागं घेतला. वेणी तशीच अर्धी राहिली. त्या उठल्या, राखेनं हात घासून धुतले आणि मग आबांना हाक मारली.

आता नशीब बघा. चाई व्हायची ती साऱ्या पंचक्रोशीत कुणालाही होऊ शकली असती. झाली ती चाईवाल्या आबा शेवाळ्यांच्या सुनेला.

कराडपासून आत, नदीकाठी आमचं ते गाव. आबा पूर्वी सोसायटीचे चेअरमन होते. ती खुर्ची गेली, पण हातगुण गेला नाही, असं ते स्वतःच सांगायचे. हा हातगुण त्यांना वडिलांकडून आला होता, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून, आणि पुढं तो जयसिंगला मिळायचा होता. दर रविवारी सकाळी ओसरीवर चाईची माणसं येऊन बसायची. आबा पांढरं धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून पाटावर बसायचे. एरवी घरात ताकाचा पेला मिळायला उशीर झाला तर आदळआपट करणारा हा माणूस रविवारी सकाळी एकदम साधू व्हायचा. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो. पेशंटनं आभारसुद्धा मानायचे नाहीत, मानले तरी गुण जातो. लेप लावून घ्यायचा आणि मागं न बघता निघून जायचं. केस आले की मात्र यायचं, वाजतगाजत, नारळ घेऊन. दारात एक काळा दगड होता, त्यावर तो फोडायचा. करवंट्या तिथंच टाकायच्या, उचलायच्या नाहीत. दाराच्या डाव्या बाजूला करवंट्यांचा केवढा ढीग होता. नवा माणूस आला की आबा तोंडानं काही बोलायचे नाहीत, फक्त ढिगाकडं बघायचे. त्या माणसाचे हात आपोआप जोडले जायचे.

मीही नवी नवरी होऊन आले तेव्हा तो ढीग बघून थक्क झाले होते. पुढं पाणी भरता भरता माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. ज्यांचे केस आले ते नारळ घेऊन परत येत होते. ज्यांचे आले नाहीत ते कशाला येतील? ते दुसऱ्या गावच्या दुसऱ्या आबाकडं जात असणार. त्यांच्या करवंट्या आमच्या दारात कशा पडतील? मी हे एकदा रात्री जयसिंगला बोलून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, असलं काही आबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

माझी पंचाईत अशी की मला दुसऱ्या आबाकडं जाता येत नव्हतं. मी घरातच होते. गुण न आलेला पेशंट रोज सकाळी उठून त्यांना चहा देत होता.

त्यामुळं माझ्या डोक्याला दोष काढणं भाग होतं. लेपाचा दोष असणं शक्यच नव्हतं, तो तर तीन पिढ्यांचा. पहिल्या वेळी कळलं की मी वांगं खाल्लं म्हणून गुण आला नाही. पुढच्या वेळी, सोमवारी न्हाले म्हणून. मग माझ्या माहेरच्या पाण्यावर आलं. मी इचलकरंजीची. तिथं मागांची धूळ आणि नदीचं रंगाचं पाणी, म्हणजे किडा तिथूनच डोक्यात घेऊन आले, असं सासूबाईंनी ठरवलं. मी सांगितलं की इचलकरंजीत लाखभर डोकी आहेत आणि सगळ्यांवर केस आहेत. त्यावर सासूबाईंनी निकाल दिला की माझा विश्वासच नाही, आणि विश्वास नसलेल्या डोक्यावर केस उगवत नाहीत. त्यांचे स्वतःचे केस उंदराच्या शेपटीएवढे उरले होते. पण ते मी बोलले नाही.

लेप चालूच राहिला. पान घासायचं, लेप थापायचा, जयसिंगनं डोकं धरायचं. जागा आधी लाल झाली, मग फोड आले, मग पाणी वाहायला लागलं. रात्री उशीला डोकं टेकवता येईना. आबा म्हणाले, घाण बाहेर पडतेय, उत्तम लक्षण आहे. तेवढ्यात मागं आणखी एक चकती दिसली, आणि भांगाशी तिसरी. आबांनी तिन्हींवर लेप लावायचा ठरवला. मी हातापाया पडून दोन वाचवल्या, त्याही जयसिंगनं मधे तोंड घातलं म्हणून. तो म्हणाला, "आबा, आदी ही एक बरी हुंदे." तेवढ्यावर मी त्याच्यावर किती जीव टाकला होता. माणूस उपाशी असला की शिळ्या तुकड्यालाही पक्वान्न म्हणतो.

रविवारी मी कपाळापर्यंत पदर ओढून घरात बसायचं, असा हुकूम होता. पण एका रविवारी माणसं जास्त झाली, आणि चहाचा ट्रे बाहेर न्यायला दुसरं कोणी नव्हतं. मी ट्रे घेऊन वाकले आणि पदर घसरला. पलीकडच्या गावाहून पोरीला घेऊन आलेली एक बाई समोरच बसली होती. तिनं नीट निरखून बघितलं.

"आबा, ही तुमची सून न्हवं?" ती म्हणाली. "हिला चाईच हाय की वो."

आबांनी पापणीही हलवली नाही. "चाई न्हाई ती," ते म्हणाले. "भाजलंय तिला."

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून त्या वर्षात निघालेलं ते एवढंच खरं वाक्य.

पण बाई हुशार होती. तिनं पोरीला उठवलं आणि ट्रेमधला चहासुद्धा न घेता गेली. पुढच्या रविवारी ओसरी निम्मी भरली. त्याच्या पुढच्या रविवारी दोघं-तिघं. आबांचं साधुपण तेवढ्यात संपलं. घरात ताटं आपटायला लागली. चाईवाल्याच्या घरात चाई, ही गोष्ट दुधाच्या डेअरीपासून कारखान्याच्या काट्यापर्यंत सगळीकडं हसून सांगितली जात होती, आणि जयसिंगलाही तिथं चार लोक विचारायला लागले होते.

मग बैठक बसली. म्हणजे आबा बोलले आणि बाकीचे बसले. ठरलं ते असं, की मला माहेरी धाडायचं. केस आले की आणायचं, नाही आले तर पुढचं पुढं बघायचं. पुढचं म्हणजे काय, हे सासूबाईंनी भाकरी थापता थापता शेजारणीला सांगितलं. पोराचं वय काय गेलेलं नाही, असं त्या म्हणत होत्या.

जयसिंग मला स्टँडवर सोडायला आला. पिशवी त्यानं गाडीत नीट सीटखाली सरकवली, खिडकीतून केळी दिली. मी त्याला एकच विचारलं, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत.

"आबांच्या म्होरं काय बोलायचं?" तो म्हणाला. "आन मला त्यातलं काय कळतंय, शालन? तू जा. मी येतो न्यायला."

त्याचे डोळे पाणावले होते. गाडी सुटली आणि मी त्याला माफ करून टाकलं. मनात म्हटलं, सासरा ढोंगी आहे, सासू दगड आहे, पण हा साधा आहे. ह्याला खरंच काही कळत नाही. लेप भाजतो हे ह्याला कुठून कळणार? वाटभर मी हेच घोकत होते.

माझी आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामाला जायची. वडील गेल्यानंतर तिनं त्या यंत्राच्या खडखडाटात आम्हाला वाढवलं, त्यामुळं ती बोलायची ते मोठ्यानं बोलायची. मी डोक्यावरचा पदर काढला तेव्हा ती थोडा वेळ बघत राहिली. मला वाटलं आता रडेल.

"पोरीचं डोकं हाय का वांगं, भाजून ठेवलंय ते," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खाडा करून मला जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथं कातडीच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या. जाडजूड, चष्मा नाकावर घसरलेला, आणि सकाळपासून खरूज-गजकर्ण बघून वैतागलेल्या. त्यांनी आधी मागच्या दोन चकत्या बघितल्या, बोटानं कातडी दाबली, कडेचे एक-दोन केस हलकेच ओढून पाहिले. चेहऱ्यावर काही नाही. मग कानावरची जागा बघितली आणि चष्मा काढला.

"हे कुणी केलं?"

आईनं सांगितलं. गुंजेचं नाव ऐकल्यावर बाईंनी नर्सला बोलावून ती जागा दाखवली आणि म्हणाल्या की गुंज विषारी असते, हे गुराख्याच्या पोरांनाही ठाऊक असतं, मोठ्या माणसांना मात्र शिकवावं लागतं. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं की लावताना भाजत होतं का. मी हो म्हणाले.

"मग लावून कशाला घेतलंस?"

मी म्हणाले, भाजत नाही असं नवरा सांगत होता. त्यांनी आईकडं बघितलं. आईनं दुसरीकडं बघितलं.

जखम धुऊन पट्टी करेपर्यंत बाईंनी मला चाई समजावून सांगितली. त्यांची पद्धत प्रेमाची नव्हती, पण माझ्या डोक्याबद्दल माझ्याशीच बोलणारं ते पहिलं माणूस. त्या म्हणाल्या, किडाबिडा काही नसतो. आपल्या रक्तात राखणीचे शिपाई असतात, बाहेरून रोगराई आली की तिच्यावर तुटून पडायचं हे त्यांचं काम. कधी कधी त्यांची ओळख चुकते. घरच्या कुत्र्यानं घरच्याच माणसाला धरावं तसे ते आपल्याच केसांच्या मुळांवर जातात. केस गळतो, पण मूळ मरत नाही, आत गप्प बसून राहतं. म्हणून तर पुष्कळदा पुन्हा उगवतं.

"म्हणजे हे लागट न्हाई?" आईनं विचारलं.

"नाही. कंगव्यानं नाही, उशीनं नाही, इचलकरंजीच्या पाण्यानंही नाही. काही घरांत जास्त दिसतं, रक्तातून येतं. तुमच्याकडं कुणाला आहे?"

आईनं आठवून आठवून कोणी नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, नसलं तरी होतं.

मी विचारलं, मग मामंजींच्या दारात एवढे नारळ कसे फुटतात? त्यावर बाई पहिल्यांदा हसल्या.

"हा आजार फार लबाड आहे. एखाददुसरी चकती असली तर बहुतेक वेळा वर्षभरात आपली आपण भरून येते. त्या वेळी जो कोणी डोक्याला काही चोळत असेल तो वैद्य ठरतो. तुझे सासरे शेण चोळत असते तरी नारळ फुटले असते."

मग त्यांनी आवाज उतरवला. मागच्या दोन जागी इंजेक्शन देता येतं, नाहीतर थांबूनही बघता येतं. केस येतील असं वाटतं, पण खात्री देणार नाही. आले तर पुन्हा जाऊही शकतात. खात्री देणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहायचं. आणि कानावरच्या जागेचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "इथली चाई कधीच बरी झाली असती. ही भाजल्याची जखम आहे. व्रण राहिला तर इथं केस येणार नाहीत."

आम्ही थांबायचं ठरवलं. दर मंगळवारी पट्टी करून घ्यायचे आणि घरी आईला मदत करायचे. तेल नाही, पथ्य नाही, मंत्र नाही. सोमवारी न्हाले, वांगं खाल्लं. श्रावणात एक दिवस आईनं मागच्या चकतीवर बोट फिरवलं आणि थांबली. लव आली होती. पांढरी, म्हातारीच्या केसासारखी. मी घाबरले, पण बाईंनी सांगून ठेवलं होतं की आधी पांढरे येतात. पुढं तीच लव काळी झाली. मागची जागा भरली, भांगाची भरली. कानावरची तेवढी तशीच राहिली, चकचकीत, आजही आहे. मी भांग असा पाडते की कळत नाही.

ही बातमी शेवाळ्यांच्या घरी पोचायला वेळ लागला नाही. दिवाळीआधी जयसिंग न्यायला आला.

नवा शर्ट, डोक्याला रुमाल, हातात पिशवी, आणि पिशवीत कुंकू लावलेला एक नारळ. आबांनी तो स्वतः मंतरून दिला होता. जयसिंगनं सगळं समजावून सांगितलं. आबांचं म्हणणं असं, की लेप फार खोल गेला होता, म्हणून गुण उशिरा आला. दूर असूनसुद्धा आला, म्हणजे हातगुण किती मोठा बघा. येत्या रविवारी चार गावची माणसं बोलावली होती. मी सगळ्यांसमोर पदर मागं करायचा, केस दाखवायचे आणि हा नारळ दगडावर फोडायचा.

"येवढंच," जयसिंग म्हणाला. "तेवढं झालं की कुणी काय बोलायचं न्हाई. आईबी न्हाई."

मी कबूल झाले. का, ते सांगते. मला माझं घर हवं होतं, आणि घर म्हणजे मला तो हवा होता. बाकीच्या दोघांची मला फिकीर नव्हती. एका नारळापुरतं खोटं बोलायचं आणि साध्या, मऊ बोलणाऱ्या नवऱ्याबरोबर जन्म काढायचा, हा सौदा मला महाग वाटला नाही. तिकडं माझ्या खोटेपणावर विसंबून एखाद्या पोरीचं डोकं भाजलं जाईल, हे मला दिसत होतं; पण जयसिंगच्या हाती हातगुण आला की हे सगळं तो बंद करेल, अशी मी माझी समजूत घातली. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, बघू की.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, तुझं डोकं, तुझा नारळ, तुझं तू बघ. आणि मग जेवणाच्या गडबडीत तिनं पिशवीतला तो मंतरलेला नारळ काढला, पाट्याच्या कडेवर आपटून फोडला आणि आमटीत वाटून घातला. जयसिंगच्या तोंडचं पाणी पळालं.

"आवो, त्यो आबांनी दिला व्हता."

"नारळ आमटीसाठीच असतोय," आई म्हणाली. "वाढू का अजून?"

जयसिंगनं थोडा विचार केला, मग वाटेत दुसरा घेऊ म्हणाला आणि भुरके मारत जेवला. माझी पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

जेवण झाल्यावर तो मोरीवर हात धुवायला गेला. डोक्याचा रुमाल त्यानं जेवतानासुद्धा काढला नव्हता. चूळ भरताना भिजेल म्हणून आता काढला. मी तांब्यानं पाणी घालत होते. तो वाकला, मान पुढं झाली, आणि केस संपतात तिथं, कॉलरच्या थोडं वर मला ती दिसली. गोल, गुळगुळीत.

मला आधी त्याची दयाच आली. त्याला काही ठाऊक नाही, असंच मी धरून चालले होते.

"आवो, तुमच्या मानंवर चाई हाय," मी हळूच म्हणाले. "भिऊ नका. लागट नसती ती. किडाबिडा काय नसतोय, डॉक्टरीणबाईंनी मला सगळं सांगितलंय."

त्यानं कुठं म्हणून विचारलं नाही. आरसा मागितला नाही. ओला हात सरळ मागं गेला आणि बोट नेमकं त्या जागेवर टेकलं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दसऱ्यापासनं."

"मामंजींना दावली?"

"न्हाई."

"का? घरातच तर हातगुण हाय."

मी हे थोडं चेष्टेनं म्हणाले होते. नवराबायकोत चालते तेवढीच चेष्टा. तो हसला नाही. रुमालानं हात पुसत राहिला.

"नगं," तो म्हणाला. "लई भाजतंय ते."

तांब्या माझ्या हातातच राहिला. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत.

मग त्यानं सांगितलं, मोरीच्या कट्ट्यावर बसून, आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात. शाळेत असताना त्याला दोन जागी चाई झाली होती. आबांनाही लहानपणी झाली होती, आणि आबांच्या आजोबांना तर दाढीत होती. त्यांची आपोआप गेली आणि तिथूनच घरात हा हातगुण सुरू झाला. जयसिंगला लेप लावला तेव्हा सासूबाई त्याच्या पायांवर बसल्या होत्या आणि तोंडात फडकं कोंबलं होतं. चड्डीत मुतलो, असं तो म्हणाला. पुढं केस आले, आणि दारातल्या दगडावर त्यानंच नारळ फोडला. सारं गाव टाळ्या वाजवत होतं.

म्हणजे रक्तातून यायचंच होतं तर ते त्यांच्या घरातून. आणि राखेनं हात धुतले गेले माझ्या डोक्याला लागल्यावर. पण त्याचा मला राग आला नाही, त्या लोकांकडून माझी दुसरी अपेक्षा नव्हती. मी दुसऱ्याच गोष्टीशी अडकले होते.

"मग माझं डोकं का धरत व्हतात?"

"आबांच्या म्होरं काय बोलायचं?"

"ते न्हाई विचारलं मी. भाजत न्हाई म्हणून मला का सांगत व्हतात?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, एवढं मी आजही म्हणेन.

"तुला धीर यावा म्हणून," तो म्हणाला.

मी आत गेले. पिशवी उघडली, साड्या काढून फळीवर ठेवल्या. आईनं पुढं होऊन फळीवर जागा करून दिली. बाहेर येऊन मी जयसिंगला डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं, मंगळवारी सकाळी जायचं, जिन्यावरून डाव्या हाताला वळायचं, गर्दी असते पण त्या नीट बघतात. घरी काही लावून घेऊ नका. मी येणार नाही, तुमच्या ओसरीवर नाही आणि तुमच्या घरातही नाही.

तो रडला. खरंच रडला, त्याला रडायला सोपं जायचं. रुमाल डोक्याला बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. दारापर्यंत गेला आणि वळला.

"मग दवाखान्यात तरी चल माझ्यासंगं, शालन," तो म्हणाला. "मला एकट्याला जमायचं न्हाई."

"जमतंय," मी म्हणाले. "तिथं डोकं धरायला माणूस लागत न्हाई."